माझ्या चार जन्मवेळा

माझा जन्म चार वेळा झालेला आहे. पहिल्यांदा पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी, मग सकाळी सहा पस्तीसला, मग दुपारी बारा पन्नासला आणि अगदी अलीकडे रात्री नऊ वीसला. तारीख एकच, अकरा नोव्हेंबर, कारण ती आधार कार्डावर आहे आणि आधार कार्डापुढे माझ्या आईचं काही चालत नाही. वेळ मात्र आधार कार्डावर छापत नाहीत. सरकारने एवढीशी फट ठेवली आणि आई तिच्यातून आत शिरली.

चारही पत्रिका आमच्या नंदनवन वस्तीत, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या अश्विनच्या ऑनलाइन सेंटरमध्ये निघाल्या. तारीख, वेळ आणि गाव टाकलं की त्याचा संगणक पत्रिका काढतो आणि वर लाल रंगाचा गणपती फुकट छापतो. पहिल्या पत्रिकेत माझा मंगळ आठव्या घरात निघाला. तेव्हा पुण्याचं एक सॉफ्टवेअरवालं स्थळ आलेलं होतं आणि त्यांना मंगळ चालत नव्हता. आई स्टूल ओढून अश्विनच्या शेजारी बसली.

"थोडा टाइम पुढं करून पाह्य गा," ती म्हणाली.

मंगळ आठव्यातून सातव्यात आला. सातव्यातही तो चालत नाही. आईने आणखी पुढे करायला लावलं. सहा पस्तीसला तो सहाव्या घरात जाऊन गुपचूप बसला, तेव्हा आई म्हणाली, "बस. इथंच राहू दे."

पुण्याच्या मुलाने पुढे ऑफिसातच जमवलं. मग वर्धा रोडच्या एका बिल्डरचा मुलगा आला. त्याची आणि माझी एक नाड निघाली, म्हणून मी दुपारी जन्मले. नाड सुटली, पण बिल्डरसाहेबांना आमचं घर लहान वाटलं. त्यावर अश्विनकडे इलाज नव्हता.

माझी आई शोभाताई डांगोरे वाईट बाई नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटू शकतं. तिची एकच खोड आहे. माणूस दारात उभा राहिला की ती आधी त्याच्या पाठीमागे बघते, गाडी कोणती आहे ते. मग माणसाकडे बघते. माझे बाबा, वसंतराव, फिटर म्हणून कारखान्यात लागले आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाले. आई लोकांना सांगते, "हे टेक्निकल लाईनमध्ये होते." बाबा त्या वेळी खिडकीबाहेर बघतात. घरात पाहुणा आला की ती चांगले कप काढते, आणि पाहुण्याहून मोठा पाहुणा आला की पहिल्या पाहुण्याच्या हातातला कप बदलते. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मी, रितिका, खापरखेड्याच्या वीज केंद्रात सहायक अभियंता आहे. परीक्षा देऊन लागले, पाच वर्षं झाली. कंट्रोल रूममध्ये माझी शिफ्ट असते. समोर पडदे, काटे, दिवे, आणि पलीकडे बॉयलर. तो एखाद्या म्हाताऱ्यासारखा कुरकुरतो आणि कशाने कुरकुरतोय हे आपल्याला ओळखावं लागतं. मला हे काम आवडतं. इतकं साधं वाक्य मी घरात पन्नास वेळा बोलले असेन. आईला ते ऐकू येत नाही. तिचं उत्तर ठरलेलं आहे.

"मी कोळशातून बाहेर निघाली, अन् तू परत कोळशातच जाऊन बसली."

कोळशाचं असं, की बाबांच्या कारखान्याची कॉलनी भट्टीला लागून होती. तो कारखाना कधीच बंद पडला, त्यामुळे नाव सांगून उपयोग नाही. पण आईने तिथे अकरा वर्षं काढली आणि त्या अकरा वर्षांतलं ती काहीच सांगत नसे. कोणी विचारलं तर म्हणायची, "क्वार्टर होतं, पाणी चोवीस घंटे होतं." संपला विषय.

आणि मग काटोलचे रेवतकर आले.

रेवतकर म्हणजे साठ एकर संत्रा, एक कोल्ड स्टोरेज, एक पेट्रोल पंप आणि पांढरी फॉर्च्युनर. आई हे चार शब्द मंत्रासारखे म्हणायची, क्रम न चुकवता. मुलाचं नाव दुर्गेश. बी. कॉम. एकुलता एक. फोटोत तो फॉर्च्युनरला टेकून उभा होता आणि आईने फोटो मोठा करून आधी गाडी पाहिली. त्याचे आणि माझे गुण कमी पडत होते. आई अश्विनकडे गेली आणि तासाभराने मी रात्री नऊ वीसला जन्माला आले. छत्तीसपैकी एकोणतीस.

रेवतकरांची अट एकच होती. त्यांच्या घरच्या सुना नोकरी करत नाहीत. साक्षगंधाच्या, म्हणजे आमच्याकडच्या साखरपुड्याच्या, आधी मी राजीनामा द्यायचा. हुंडा नको, मानपान नको, मुलगी नेसत्या वस्त्रानिशी द्या, फक्त नोकरी सोडून द्या. आईला ही अट वाटलीच नाही. तिला ते बक्षीस वाटलं.

"मी नोकरी सोडणार नाही," मी म्हणाले.

"चहा घेतं का?" आई म्हणाली.

आईशी भांडता येत नाही, ही माझी खरी अडचण. ती आवाज चढवत नाही. ती चहा करते, माझ्यापुढे ठेवते, स्वतः घेत नाही आणि ओट्यापाशी पाठ करून उभी राहते. चार दिवस अशी पाठ पाहिली की माणूस कशालाही हो म्हणतो. दोनशे दहा मेगावॅटचा संच रात्री बंद पडला तर मी हातापायांना कंप न सुटता तो परत चालू करते. त्या पाठीपुढे मात्र माझं काही चालत नाही. पाचव्या दिवशी मी म्हणाले, "घर पाहायला चलते. बाकीचं नंतर पाहू." आईने लगेच स्वतःचा चहा टाकला.

निघायच्या सकाळी तिने माझ्या पर्समध्ये एक लिफाफा ठेवला. आत माझा राजीनामा होता, अश्विनने टाइप केलेला. वरती चुकून लाल गणपती आलेला होता. सही तेवढी राहिली होती. लिफाफ्यासोबत पेनही होता.

घर पाहायला जायचं तर आमच्याकडे दोन जीप भरून नातेवाईक जातात, पाण्याची चव घेतात, खोल्या मोजतात आणि परत येताना एकमेकांत भांडतात. आईने यावेळी कोणालाच नेलं नाही. मोठे काका सायकलचं दुकान चालवतात, मामा जास्त बोलतात, आत्या पान खाते. शेवटी आई, बाबा आणि मी असे तिघंच उरलो. बाबांनाही तिने गळ्याला हात लावून शपथ घातली होती की फिटर हा शब्द काढायचा नाही. आमची जुनी मारुती घरी ठेवून भाड्याची इनोव्हा केली. काटोलला पोचल्यावर आईने ड्रायव्हरला गाडी कडुनिंबाच्या आड लावायला सांगितली, भाड्याच्या गाडीची पिवळी नंबरप्लेट दिसू नये म्हणून. गाडी लांब आणि झाड बारीक. प्लेट दिसतच राहिली. आईने झाडाकडे एकदा नापसंतीने पाहिलं आणि पदर सारखा केला.

घर मोठं होतं, खोटं कशाला बोलू. दारात संगमरवर, आत झुंबर, झुंबराला अजून प्लॅस्टिकची पिशवी. बाबाराव रेवतकर स्वतः बाहेर आले. साठीचे, जाड चष्मा, पांढरा सदरा, हाताच्या बोटांना संत्र्याच्या सालीचा वास. बोलणं मोकळं.

"या, या. रस्त्यात तरास नाही झाला ना?"

"छे छे, मुळीच नाही. रस्ता फारच सुंदर आहे," आई म्हणाली.

मी दचकून पाहिलं. आई मोठ्या लोकांत गेली की पुण्याची होते. घरी तिचं सगळं मले-तुले असतं, इथे मला-तुला सुरू झालं होतं, आणि तेही जरा नाकातून. कळमेश्वरच्या पुढे त्या रस्त्यावर आम्ही तिघांनी कंबर धरून ठेवली होती, ही गोष्ट वेगळी.

चहा झाला, चिवडा झाला, सोललेल्या संत्र्याच्या फोडी झाल्या. दुर्गेशची आई कमी बोलणारी होती. ती मधूनमधून "घ्या ना" म्हणायची आणि नवऱ्याकडे बघायची. मग मोठ्यांनी आम्हा दोघांना बोलायला म्हणून बाहेर पाठवलं. दुर्गेशने मला मागची शेड दाखवायला नेलं. तिथे संत्रा धुऊन, पुसून, आकाराप्रमाणे वेगळा करणारं मशीन होतं. पट्टा चालू होता आणि बायका पेट्या भरत होत्या.

दुर्गेश चांगला मुलगा होता, आणि हे जरा अडचणीचंच होतं. तो वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

"तुमाले काही विचाराचं आहे का?" तो म्हणाला.

"ह्या मोटरचं बेअरिंग गेलंय," मी म्हणाले.

त्याने मोटरकडे पाहिलं. "चालू तं आहे."

"आवाज ऐका. संध्याकाळपर्यंत जाम होईल. आज बंद करा, नाही तर मोटरही जाईल."

तो पट्ट्यावर वाकून ऐकत राहिला. मग हात वर करून त्याने मशीन बंद करायला लावलं. बायकांनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली.

"मिस्त्री सोमवारी येते," तो म्हणाला. मग थोडं थांबून, आजूबाजूला पाहून, "तुमी घरी राहिल्यावर मशीनकडं पाहात जा. मले बरंच होईल. फक्त बाबाले नका सांगू."

"काहून?"

"त्याईले बायका मशीनपाशी गेलेल्या आवडत नाही."

पन्नास बायका मशीनपाशी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. दुर्गेशनेही पाहिलं.

"म्हणजे घरच्या," तो म्हणाला.

मी त्याला सरळ विचारलं, मी नोकरी सोडली नाही तर चालेल का. तो खाली बघून म्हणाला, "मले तं चालते. पण बाबा..." त्या वाक्याला पुढचा भाग नव्हता. तो तसाच अर्धा ठेवून आम्ही परत आत गेलो. पर्समधला लिफाफा मला चालताना मांडीला लागत होता. मला खरंच भीती वाटायला लागली होती. आत आई हसत असणार, आणि संध्याकाळी त्या लिफाफ्यावर माझी सही असणार, आणि सोमवारी माझ्या खुर्चीवर दुसरं कोणी बसणार.

दिवाणखान्यात एक महाराज येऊन बसले होते. शेजारी पंचांग, समोर पाट, पाटावर तांदूळ. आईने घाईघाईने पिशवीतून माझी पत्रिका काढली, रात्री नऊ वीसची, आणि त्यांच्यापुढे ठेवली. बाबारावांनी ती न उघडता बाजूला सारली.

"ताई, राग नका मानू. मी कागदावर माल घेत नाही. सातबारा कोणीबी दाखवते, फोटो कोणीबी दाखवते. संत्र्याचा बगीचा घ्याचा असला तं मी झाडाखाली जाऊन उभा राहतो, वर पाहतो, अन् मंग बोलतो. आमच्या घराची एक रीत आहे. पोरगीची जन्माची वेळ तिच्या मायनं तोंडानं सांगाची. महाराज इथंच मांडतात. बस."

महाराजांनी आईच्या उजव्या तळहातावर कुंकू लावलेल्या अक्षता ठेवल्या. "देवाले स्मरून सांगा ताई. वेळ."

बाप दाखव नाही तर श्राद्ध कर, असा तो प्रसंग होता. मी सोफ्याच्या काठावर बसले होते आणि माझ्या डोक्यात हिशेब स्पष्ट होता. आई कागदावर कितीही खोटं बोलेल, पण देवाला ती घाबरते. चतुर्थीचा उपास चुकला तर त्याच्या बदली दोन करते. हातात अक्षता घेऊन ती खोटं बोलणार नाही. खरी वेळ सांगेल, पहाटे चार दहा, म्हणजे मंगळ आठव्या घरात, म्हणजे रेवतकर नको म्हणतील, म्हणजे माझी नोकरी वाचेल. आठव्या घरातल्या मंगळाची एवढी ओढ त्या दिवशी महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्याच मुलीला नसेल.

आईने डाव्या हाताने पदर सारखा केला.

"सांगा ना," बाबाराव म्हणाले.

"मला..." आई म्हणाली आणि थांबली. तळहाताकडे बघत राहिली. बाबांनी नेहमीप्रमाणे खिडकी शोधली, पण ती त्यांच्या पाठीमागे होती.

"मले माहीत नाही," आई म्हणाली.

महाराजांनी पंचांगातून मान वर केली. मला वाटलं, ती वेळ काढतेय. तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

"हे कामावर होते," ती म्हणाली. पुणे केव्हाच गेलं होतं. "आमी कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. हे फिटर होते तिथं. कळा सुरू झाल्या तं मी एकटीच चालत दवाखान्यात गेली. डॉक्टर नव्हते. मॅनेजरसाहेबाच्या बाईचं डोकं दुखून राहिलं होतं, तं तिकडं बंगल्यावर गेले होते. नर्स म्हणे, थांबा बाई, येतेच. मंग तिलेबी बोलावणं आलं, गोळ्या घेऊन. मी थांबली. कोणीच नाही आलं. ही झाली तेव्हा खोलीत मी होती अन् ही होती. घड्याळ कोण पाहीन? नर्स वापस आली तं मलेच विचारे, किती वाजता झाली वं? मी म्हटलं, मले काय माहीत. तिनं कार्डावर वेळेच्या जागी रेघ ओढली."

महाराजांनी पंचांग मिटलं.

"ऊन होतं," आई म्हणाली. "माझ्या पायावर ऊन आलं होतं. बस, तेवढं आठवते."

म्हणजे पहाटे चार दहाही तिने बनवलेलीच होती. अठ्ठावीस वर्षं मी ज्याला माझी खरी वेळ समजत होते, ती अश्विनच्या आधीच्या काळातली, हाताने केलेली होती. मी बाबांकडे पाहिलं. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"मले शिफ्ट सुटल्यावर सांगतलं," ते म्हणाले, कोणी विचारलं नव्हतं तरी.

महाराज कामाचा माणूस. त्यांनी खाकरून विचारलं, "खिडकी पश्चिमेले होती का ताई? पश्चिमेची असली तं उन्हावरून अंदाज काढता येते."

"दिशा पाहाले फुरसत नव्हती महाराज," आई म्हणाली.

मला रडू येत होतं आणि ते मी दाबलं नाही. इतकी वर्षं मी या बाईवर चिडले. तिच्या कपांवर, तिच्या गाड्या बघण्यावर, तिच्या पुणेरी नाकावर. आणि तिने एकदाही मला हे सांगितलं नव्हतं. म्हणे, पाणी चोवीस घंटे होतं.

बाबारावांनाही ते लागलं असावं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मनाने माणूस मऊ होता.

"झालं गेलं जाऊ द्या ताई," ते म्हणाले. "वेळेचं आमी पाहून घेऊ. पोरीच्या नावावरून रास काढून मांडतील महाराज. पण एक सांगतो, पोरगी या घरात आली का तिले असं कोणाची वाट पाहा नाही लागणार. आमच्या घरी डॉक्टर येते. एक फोन केला का ओपीडी सोडून येते. मागं याच्या आईले चक्कर आली होती, तं दहा मिनटात दारात गाडी."

याहून चांगलं आश्वासन कोणत्या व्याह्याने दिलं असेल असं मला वाटत नाही. आई ज्यासाठी चार पत्रिका, एक इनोव्हा आणि एक कडुनिंब घेऊन आली होती, ते सगळं त्यांनी एका वाक्यात पाटावर ठेवलं होतं. मी पर्स मांडीवर घट्ट धरली. आता ती लिफाफा मागणार.

"तेव्हा दवाखान्यात कोण राहते?" आईने विचारलं.

"कधी?"

"डॉक्टर ओपीडी सोडून तुमच्या घरी येते, तेव्हा."

बाबारावांनी विचार केला. हा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारलेला नव्हता, हे दिसत होतं. त्यांनी दुर्गेशकडे पाहिलं, दुर्गेशने स्वतःच्या आईकडे पाहिलं, आणि त्याची आई, जी दिवसभर "घ्या ना" सोडून काही बोलली नव्हती, तिने चिवड्याच्या बशीवरचा हात मागे घेतला.

"राहत असन कोणी," बाबाराव म्हणाले.

"मी होती," आई म्हणाली.

तिने तळहात उलटा करून अक्षता पाटावर परत ठेवल्या. एकही दाणा खाली सांडू दिला नाही. मग ती माझ्याकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला काही विचारलं आणि उत्तराची वाट पाहत थांबली.

"नोकरी सोडते का वं तू?"

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणते," आईने बाबारावांना सांगितलं.

बाबारावांनी न उघडलेली पत्रिका आईकडे परत सरकवली. "मंग विचार करा लागते ताई."

"करा," आई म्हणाली आणि उठली.

त्यांनी आम्हाला रिकाम्या हाताने मात्र जाऊ दिलं नाही. संत्र्याची पेटी इनोव्हात ठेवायला दुर्गेश स्वतः कडुनिंबापर्यंत आला. पेटी ठेवताना त्याने मला हळूच विचारलं, बेअरिंगचा नंबर कोणता आणू. मी मोटरवरच्या पट्टीचा फोटो काढून मिस्त्रीला पाठवायला सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि जरा वेळ तिथेच उभा राहिला. त्याच्याकडे आणखी एक अर्धं वाक्य असावं. ते त्याने तसंच ठेवलं आणि दार लावलं.

रस्ता गेला होता तसाच परत आला, खड्ड्यांसकट. आई पुढच्या सीटवर बसली होती. बाबांनी पेटीतलं एक संत्रं काढून सोललं, अर्ध्या फोडी तिच्याकडे दिल्या. तिने घेतल्या. हेही सहसा होत नसे, कारण गाडीत खाणं तिला हलकं वाटतं. साठ एकर संत्रा, कोल्ड स्टोरेज, पेट्रोल पंप आणि पांढरी फॉर्च्युनर सोडून आल्यावर माणसाला वाटतं तसं तिला वाटत असणार.

फेटरी आलं तेव्हा ती मागे न वळता म्हणाली, "रितू, ड्यूटीवर तुझ्या हाताखाली किती लोक राहते?"

"अकरा," मी म्हणाले.

"सगळे माणसंच? बाया नाही?"

"या शिफ्टला सगळे माणसंच आहेत."

आई फोड चघळत राहिली. तिने बिया काढून रुमालात ठेवल्या आणि रुमालाची घडी केली.

"तू आत गेली का उभे राहतात का ते?"

"नाही गं आई. कामात असतात ते."

"राहाले पाहिजे," आई म्हणाली.